तिसरी मूठ

माझ्या पोटाला लोक फार हसले. ते पोट खोटं होतं. जुन्या चादरीची गुंडाळी, सुतळीनं कमरेला आवळलेली. तिच्यावर कोट, नाकाखाली गोंदानं चिकटवलेल्या झुपकेदार मिशा आणि हातात रेशनच्या दुकानात नेतात तसली पिशवी. एवढा सरंजाम करून मी स्टेजवर आलो की लोक हसायचे, पण ते हसू नमस्कारापुरतं. खरं हसू पुढे, ती हलायला लागली की.

ती म्हणजे कोण, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. मोठ्या पडद्यावर तिला पाहून नागपूरची शहाणी माणसं रुमाल काढतात. तिचं नाव मी इथे घालणार नाही. नावं ठेवायची मला सवय आहे, घ्यायची नाही. मी तिला ताई म्हणत असे, ती मला भाऊ म्हणत असे, आणि दोघांत मोठं कोण याचा निकाल कधी लागला नाही.

आमचा जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला, त्याच्या पुढच्या काही वर्षांतली ही गोष्ट. दिवाळी सरली, हलका धान कापून झाला की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, आकाशपाळणे, दंडारीचा नाच. घरोघर पाहुणे. आणि रात्री नाटक, जे पहाटेपर्यंत चालतं. एक अंक संपला की पडदा पडतो, मागे खाटा-खुर्च्या हलवतात. तेवढ्यात लोकांनी उठून चहाच्या ठेल्यावर जाऊ नये म्हणून पडद्यापुढे दोन माणसं सोडतात, दहा-पंधरा मिनिटांची गंमत करायला. ती दोन माणसं आम्ही. मी दिवसा वरठीच्या कारखान्यात, ती पवनीकडच्या तिच्या गावात अंगणवाडीत मदतनीस. हंगाम आला की दोघंही कंपनीच्या गाडीत. झोप केव्हा घ्यायचो, ते आठवत नाही.

तिच्या नकलांची सुरुवात जयंतीच्या स्टेजवर झाली होती. विहारापुढे भीमगीतांचा कार्यक्रम असायचा. मधे पेटीवाला पान खायला उठला की ही पोर स्टेजवर चढायची आणि सरपंचाची, एसटीच्या कंडक्टरची, स्वतःच्या मायची नक्कल करायची. माय समोरच पोत्यावर बसलेली. पोरीच्या नावानं बोटं मोडता मोडता ती पदर तोंडाला लावून हसायची, असं गावची माणसं सांगतात.

आमच्या गमतीचा विषय मंडईचे पाहुणेच होते. आमचा मुलूख धानाचा. इथे भात माणशी मुठीनं मोजतात. घरात जितकी तोंडं, तितक्या मुठी गंजात, म्हणजे भाताच्या पातेल्यात. मूठ म्हणजे चिमूट नव्हे, बोटांच्या फटींतून दाणे ओघळतील अशी भरगच्च. ती चुलीपुढे बसलेली, एका बाजूला तांदळाचं टोपलं, दुसऱ्या बाजूला गंज. मी पाहुणा. "आलो बरं का, वयनी!" म्हणत मी शिरायचो. ती नाक मुरडून एक मूठ गंजात टाकायची. "निघतो मी वयनी, काम हाय." तिचा हात विजेसारखा गंजात, मूठ बाहेर, परत टोपल्यात. मी दारातून वळायचो. "पण मंडई तं उद्या बी हाय ना?" मूठ पुन्हा गंजात. असं चालायचं. मूठ काढताना ती मान किंचित वळवून लोकांकडे असं काही पाहायची की बायका एकमेकींच्या अंगावर कोसळायच्या. त्यांच्या प्रत्येकीच्या घरी त्या रात्री माझ्यासारखा एक पाहुणा घोरत होता.

टोपल्यात तांदूळ नसायचा, बारीक पांढरी रेती असायची. रोज तांदूळ सांडायला आम्ही काय मालगुजार लागून गेलो होतो?

नाटकातल्या मोठ्या कामांसाठी नट्या नागपूरहून यायच्या, कधी त्याही पलीकडून. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते आमच्या रंगभूमीला चांगलं लागू आहे. गंमत झाली की मी मिशा उपटून चहा प्यायला जायचो. ती जायची नाही. विंगेत अंधारात उभी राहून नाटक बघायची. एकदा जवळ जाऊन पाहिलं तर तिचे ओठ हलत होते. नायिकेचे, नायिकेच्या सासूचे, इन्स्पेक्टरचेसुद्धा संवाद ती मनात म्हणत होती.

"इन्स्पेक्टर व्हाचं हाय काय तुले?" मी विचारलं.

"मले माय व्हाचं हाय," ती म्हणाली. त्या वर्षीच्या नाटकातली माय. मला हसू आलं. तिच्या कोणत्याही बोलण्यावर हसू यायची मला सवयच लागली होती.

हंगामाच्या मध्यावर त्या मायचं काम करणाऱ्या बाईंचा घसा बसला. असा बसला की चहा मागायचा तरी हातानं खुणा कराव्या लागत. कंपनीच्या मालकानं कपाळाला हात लावला. नवीन बाई आणायची तरी तालमीला वेळ कुठला? तेव्हा ती पुढे झाली आणि म्हणाली, मले सारं पाठ हाय.

मालक वाईट माणूस नव्हता. पण त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि तोही हसला.

"तुले पाहून लोक हासतीन वो. मायचं काम हाय, रडवाचं काम हाय."

"हासतीन त्याईचे दात दिसतीन," ती म्हणाली.

शेवटी ठरलं ते असं: एक प्रयोग तिला द्यायचा. लोक रडले तर काम तिचं. शेवटच्या अंकात लोक हसले, तर तिनं पुन्हा पडद्यापुढे जायचं आणि मोठ्या कामाचं नाव जन्मात काढायचं नाही. ती "हाव" म्हणाली. 

प्रयोग होता पवनीच्या अलीकडच्या एका गावी, तिच्या माणसांत. आणि गावच्या मंडळानं घोळ घातला. त्यांना कळलं की आज ती पूर्ण नाटकभर स्टेजवर आहे. ते बिचारे खूश झाले. दहा मिनिटांची गंमत आता रात्रभर मिळणार, असा त्यांचा हिशेब. सकाळपासून त्यांचा ऑटो भोंगा लावून आसपासच्या गावांत फिरला. "हास्याची राणी! रात्रभर हसून हसून पोट दुखल्यास मंडळ जबाबदार नाही!" मी मोटरसायकलवरून गावात शिरलो तेव्हा तोच ऑटो समोरून आला. मी त्याला थांबवून म्हटलं, "अरे गा, मायचं काम हाय तिचं, पोरगा मरते नाटकात." ऑटोवाला म्हणाला, "हाव का? मंग तं लयच मजा येईन." भोंगा पुन्हा सुरू करून तो पुढे गेला.

त्या रात्री आमची गंमत रद्द होती, म्हणून तिनं मला प्रॉम्प्टरच्या जागी बसवलं. स्टेजच्या पुढच्या कडेला खड्डा असतो, त्यात प्रॉम्प्टर वही घेऊन बसतो. लोकांना दिसत नाही, नटांना दिसतो. "माह्या पुढे तूच बस," ती म्हणाली. "विसरली तं सांगजो. अन रेती नोको आज. तांदूळ पाह्यजे."

"कायले?"

"रेती वाजत नाही."

ज्या घरी आमचं जेवण होतं तिथल्या बाईकडून मी टोपलंभर तांदूळ मागून आणला. घरचा, नुकताच भरडून आणलेला.

नाटक थोडक्यात सांगतो. एक म्हातारा, त्याची बायको आणि एकुलता मुलगा. मुलगा दूर शहरात बांधकामावर जातो. शेवटच्या अंकात, तो घरी यायचा त्याच दिवशी, बातमी येते की तो परांचीवरून पडून गेला. मग माय छाती पिटून पानभर विलाप करते आणि पडदा पडतो. विलापाचं ते पान मालकानं स्वतः लिहिलं होतं आणि त्याचा त्याला फार अभिमान.

ती पहिल्यांदा स्टेजवर आली, काही बोललीसुद्धा नाही, आणि लोक हसले. मुलाला पाणी दिलं, हसले. नवऱ्याला औषध दिलं, शिट्ट्या. मुलगा पाया पडून शहराकडे निघाला तर मागून कोणी ओरडलं, "वयनी, पाहुणा चालला!" सगळा मंडप खदखदला. मुलाचं काम करणारा नटही हसला, त्याला मी दोष देत नाही. खड्ड्यातून मला विंग दिसत होती. तिथे मालक हाताची घडी घालून उभा होता. अंकामागून अंक तेच.

मधल्या वेळात मी मागे गेलो. ती ट्रंकेवर बसून चहात पाव बुडवून खात होती. मला म्हणावंसं वाटलं की ताई, सोड, आपली गंमतच बरी. खरं सांगायचं तर मला तिला परत न्यायचंच होतं. तिच्याशिवाय माझ्या मिशांना कोण हसणार होतं? मग मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ती घाबरलेली नव्हती. ती ऐकत होती. बाहेर लोक अजून हसत होते, आणि धान रोवायला निघालेला माणूस पावसाचा अंदाज घेतो तशी ती त्या हसण्याचा अंदाज घेत होती.

"हासू दे," ती म्हणाली. "हासले पाह्यजेत."

शेवटचा अंक सुरू झाला तेव्हा उजाडायला आलं होतं. तळ्यावरून धुकं मंडपात शिरलं होतं. लोक धानाच्या तणशीवर घोंगड्या पांघरून बसलेले, पोरं मांडीवर झोपलेली. बातमी आली. निरोप्या बोलला आणि गेला. म्हातारा खाटेवर कोसळला. आता तिनं छाती पिटायची होती. मी वहीतल्या विलापाच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवून वर पाहिलं.

ती चुलीपुढे जाऊन बसली.

वहीत असं काही नव्हतं. तिनं टोपलं जवळ ओढलं, गंज पुढ्यात घेतला. आणि मूठ भरून गंजात टाकली. लोकांनी ती मूठ ओळखली. अख्ख्या मुलखानं पाहिलेली मूठ ती. हशा पिकला. वरून तारेला टांगलेल्या माइकात तांदूळ खणखण वाजला. तिनं दुसरी मूठ टाकली. हशा वाढला. तिसरी टाकली. "पाहुणा कुठी गेला?" मागून आवाज. मी खड्ड्यात डोळे मिटून घेतले. संपलं, म्हटलं. रडायच्या जागी हिनं गंमत सुरू केली.

डोळे उघडले तेव्हा ती गंजात बघत होती. घरात आता माणसं दोनच उरली होती. तिनं हात घातला आणि एक मूठ बाहेर काढली. मंडप फुटेल असं लोक हसले, कारण यापुढे ती लोकांकडे मान वळवणार, हे त्यांना माहीत होतं.

तिनं मान वळवली नाही.

हात टोपल्यावर गेला आणि तिथेच थांबला. मूठ उघडेना. मी तिच्यापासून पाच हातांवर होतो. तिची बोटं पांढरी पडलेली मला दिसत होती. फटींतून एक एक दाणा निसटून टोपल्यात पडत होता आणि तो आवाज माइकातून सगळीकडे जात होता. हसणं एकदम थांबलं नाही. आधी बायकांच्या बाजूचं थांबलं. मग पुढच्या पोरांचं. मागे कोणी एकटाच हसत राहिला होता, त्याला त्याचंच हसू ऐकू आलं आणि तोही गप्प झाला. पुढे फक्त दाणे. मी विलापाच्या ओळीवर बोट ठेवून बसलो होतो. ती विसरली नव्हती, हे मला कळत होतं. मी ओळ सांगितली नाही.

मग तिनं मूठ उघडली. उरलेला तांदूळ टोपल्यात पडला. तिनं हात पदराला पुसला आणि चुलीत फुंकर घातली. म्हाताऱ्याला भूक लागली असणार, एवढंच तिच्या तोंडावर होतं.

पडदा ओढणारा पडदा ओढायचा विसरला. बायकांच्या बाजूनं एक हुंदका आला, मग इतके आले की मोजदाद नाही. मी आयुष्यात नाटकं पुष्कळ पाहिली, पुष्कळांत नाचलो. पण माणूस असं काही करू शकतो हे मला त्या पहाटेपर्यंत माहीत नव्हतं. दहा वर्षं जी मूठ माझ्या नाकासमोर उघडझाप करत होती, तिच्यात हे होतं. मी त्या खड्ड्यात बसून तिच्याकडे नुसता बघत राहिलो. ती तीच होती, चहात पाव बुडवून खाणारी, आणि मला तिच्याशी बोलायची भीती वाटायला लागली.

मालक विंगेतून आला, तिच्यासमोर उभा राहिला आणि त्यानं माझ्या हातातल्या वहीतलं विलापाचं पान स्वतःच्या हातानं फाडलं. त्या माणसाला माझा त्याबद्दल आजही सलाम.

सकाळी मी तिला मोटरसायकलवर तिच्या गावच्या फाट्यापर्यंत सोडलं. माझी पाळी होती वरठीला, उशीर झालेला, पण राहवेना. फाट्यावर गाडी थांबवून विचारलं, "ताई, हे कुठून आणलं?"

ती शाल कानाला गुंडाळत होती. "बाप मेला तवा मी लहान होती. माय सैपाकाले बसली अन तिनं बापाची मूठ टाकली. मंग काढली. दुसऱ्या दिवशी पुन्हा टाकली, पुन्हा काढली. रोजचंच होऊन गेलं. मले हासू आलं, भाऊ. म्या तिची नक्कल तिलेच करून दाखवली."

"मंग? मारलं असंन."

"नाही ना. माय हासली. बाप गेल्यापासून पहिल्यांदा हासली. मंग मी रोज करून दाखवो." एवढं बोलून ती पायवाटेला लागली. धान कापलेल्या बांध्यांमधून ती दिसेनाशी होईपर्यंत मी तिथेच उभा होतो. आमची गंमत तिनं कुठून आणली, हे मी दहा वर्षांत कधी विचारलं नव्हतं.

पुढचं जगाला माहीत आहे. तो हंगाम तिचा, पुढचा तिचा, ती मूठ गावोगाव लोकांनी पाहिली, मग नागपूरचं बोलावणं, मग सिनेमा. तिनं माय केली, न्यायाधीश केली, खुनी बाईसुद्धा केली. पेपरवाले लिहितात की तिच्या गप्प राहण्यात ताकद आहे. मी वाचतो आणि आमच्या पोरांना म्हणतो, ते गप्प राहणं मी पाच हातांवरून पाहिलंय. पोरं म्हणतात, बाबा, हे तुम्ही सांगून राहिले कितीदा! मी दुसऱ्या जोडीदारांबरोबर गंमत करून पाहिली. लोक पोटाला हसले, नमस्कारापुरतं. मग मिशा डबीत गेल्या.

मागच्या मंडईला माझ्या मूळ गावी, आंबागडच्या पायथ्याला, मंडळानं हट्ट धरला की तुमची जुनी गंमत करा. मी म्हटलं, ती कशाला येते आता! फोन केला. "गंज हाय ना तुमच्याकडे?" एवढंच तिनं विचारलं. आली. गाडी लांब ठेवून पायी आली, बायकांत बसून मुरमुरे खाल्ले. मला पाहून म्हणाली, "भाऊ, पोटाले आता चादर नाही लागत वाटते." खरंच लागत नव्हती. मी मिशा चिकटवल्या. माझा जीव किती हलका झाला होता, ते सांगता येत नाही. इतक्या वर्षांनी ती पुन्हा माझी जोडीदार होणार होती, आणि लोक पुन्हा हसणार होते.

दुपारची वेळ, ऊन हिवाळ्याचं, गडाची सावली अजून दूर. मी शिरलो. "आलो बरं का, वयनी!" तिनं नाक मुरडलं, मूठ टाकली. काय हसले लोक! पोरं टाळ्या पिटत होती. मला वाटलं, काही गेलेलं नाही, सगळं जागेवर आहे. मी पिशवी सावरली आणि म्हणालो, "निघतो मी वयनी, काम हाय."

तिचा हात गंजात गेला. मूठ बाहेर आली. तिनं मान वळवून लोकांकडे तस्संच पाहिलं, अगदी पूर्वीसारखं, डोळ्यांत तीच मिश्कील चमक.

कोणी हसलं नाही.

एकाही माणसाला हसू फुटलं नाही. पोरं आयांच्या तोंडाकडे बघायला लागली. ती मूठ टोपल्यावर धरून बसली, आणि मी दारात, पाठमोरा होता होता थांबलेला. मला कळलं की ती मूठ आता गमतीची राहिलेली नाही, कधीच राहणार नाही. मी पाहुणा उरलो नव्हतो. मी नाटकातला तो मुलगा झालो होतो.

तेवढ्यात पुढे बसलेली एक म्हातारी, जिला मी लहानपणापासून काकू म्हणतो, काठी टेकत अर्धवट उठली.

"काढू नोको वो माय," ती म्हणाली. "राहू दे थे मूठ."

ताईनं तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. आणि मूठ हळूच परत गंजात सोडली.

"बसा भाऊजी," ती म्हणाली. "भात टाकलाय तुमचा."

हे वाक्य आमच्या गमतीत कधीच नव्हतं. मी पिशवी खाली ठेवली आणि बसलो.